सरांचं खोटुं

आमच्या सरांकडे दुसऱ्यांदा पेन मागितलेला विद्यार्थी मी पाहिला नाही. पहिल्यांदा मात्र बहुतेक सगळ्यांनीच मागितलं. "सर, तमारी पासे पेन छे?" असं विचारलं की सर मान वर करून "छे" म्हणायचे आणि पुन्हा आपल्या कागदांत डोकं घालायचे. विचारणारा हात पुढे करून उभाच. मिनिटभराने सर परत वर बघायचे आणि अगदी खरंखुरं आश्चर्य वाटल्यासारखं विचारायचे, "बीजुं कंई?" म्हणजे, अजून काही? तू पेन आहे का विचारलंस, मी आहे म्हणून सांगितलं. हवं होतं तर 'द्या' म्हणायचंस. मला पहिल्या आठवड्यात हा अनुभव आला तेव्हा वाटलं, माणूस माजोरडा आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, जरा सटकलेला आहे. पुढे कळलं की हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

सुरतेत, विद्यापीठाच्या आमच्या विभागात, पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरची ओळख करून देणारा विषय ते शिकवत. सर पक्के सुरती. बोलताना 'स'चा 'ह' करायचे, त्यामुळे 'समजलं का' हे त्यांच्या तोंडून 'हमजी?' असं यायचं. वर्गातल्या मुली म्हणजे पोयरी आणि मुलगे म्हणजे पोयरा. कोणाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पांढरा हाफ शर्ट, खिशाला लाल पेन आणि लॅबच्या दारात काढून ठेवलेल्या चपला. लॅबमध्ये चपला चालतात, अशी पाटी होती. सर म्हणायचे, पाटीने चालतात म्हटलंय, घाला असं कुठे म्हटलंय?

सुरती माणसाच्या बोलण्यात शिवी ही मीठ पडावं तशी पडते, त्यात राग वगैरे काही नसतो. सरांचीही तीच सवय होती, पण आमच्या आधी कधीतरी एका प्राध्यापक बाईंनी त्यांची तक्रार केली म्हणे. तेव्हापासून सरांनी शिव्या सोडल्या होत्या. सोडल्या म्हणजे अर्ध्यावर सोडल्या. एखाद्या पोराच्या वहीत डोकावत ते जोरात सुरुवात करायचे, "अल्या, तारी तो..." मग त्यांना बाई आठवायच्या, क्षणभर तोंड उघडंच राहायचं, आणि वाक्य कुठेतरी टेकवायचं म्हणून ते पूर्ण करायचे, "...सेमिकोलन क्यां गई?" म्हणजे, अरे तुझी तर... अर्धविराम कुठे गेला? आमच्या वर्गाला स्वल्पविराम आणि अर्धविरामांची जी धास्ती होती ती अशी तयार झाली. त्या चिन्हांना काही वंशपरंपरा असते, असं आम्हाला वाटायला लागलं होतं.

पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हाला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. माझी तर निराशाच झाली. आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता, तोही हेडसरांच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला. तो मी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा कापडच पाहिलं होतं. आता एवढ्या लांब सुरतेला येऊनही समोर कॉम्प्युटर नाहीच. समोर सर, खुर्चीत ताठ बसलेले. "आजे हुं मशीन छुं," आज मी मशीन आहे, असं त्यांनी जाहीर केलं. टेबलावर कँटीनमधून आणलेली लोचोची बशी ठेवली. लोचो म्हणजे इथला चण्याच्या डाळीचा मऊ, विस्कटलेला नाश्ता. त्याबरोबर वाटीत कांदा, पुडीत शेव, एक आख्खं लिंबू. काम एकच, मशीनला लोचो खायला लावायचा. हुकूम आम्ही द्यायचे.

पुढच्या बाकावरचा एक हुशार पोरगा उठला आणि म्हणाला, "कांदा नाखो." गुजरातीत 'नाखवुं' म्हणजे घालणं आणि 'नाखवुं' म्हणजे फेकणंही. सरांनी वाटी उचलली आणि कांदा खिडकीबाहेर नाखला. खालून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसून हसून आडवा झाला, पण मशीनच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "क्यां नाखुं, ए क्यां कीधुं?" कुठे घालायचा हे तू कुठे सांगितलंस? मग मी धीर करून हिंदीत लिंबू पिळायला सांगितलं. सरांनी न कापलेलं लिंबू मुठीत धरून लाल होईपर्यंत पिळलं. म्हणजे लाल सर झाले, लिंबू होतं तसंच राहिलं. तास संपला तरी लोचोचा एक घास मशीनच्या पोटात गेला नव्हता. सर उठले, माणूस झाले, आणि गार झालेला लोचो उभ्याउभ्या खाऊन टाकला. प्रोग्राममधल्या चुकीलाही ते लोचोच म्हणायचे. इंग्रजीत तिला किडा म्हणतात, हे त्यांना पटत नव्हतं. किडा बाहेरून येतो, लोचो आपणच करतो, असं त्यांचं मत होतं.

कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, म्हणून हजेरीही ते शून्यापासून घ्यायचे. बारडोलीची एक मुलगी यादीत पहिली होती, तिचा नंबर शून्य. तिचे वडील साखर कारखान्यात होते आणि मुलगी स्वभावानेही गोड होती, नाहीतर रोज "शून्य!" अशी हाक कोण ऐकून घेईल? मी यादीत शेवटची. वर्गात आम्ही बासष्ट जण, तर सरांच्या हिशेबात माझा नंबर एकसष्ट. ऑफिसच्या यादीत मात्र मी बासष्ट. याचा परिणाम असा झाला की बासष्ट नंबर सरांच्या हजेरीत कधी आलाच नाही आणि महिन्याच्या शेवटी मला नोटीस आली की आपण एकही दिवस वर्गात हजर नव्हता. रोज शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लिंबायतहून दोन शेअर रिक्षा आणि एक बस बदलून मी वेळेवर यायचे, आणि कागदोपत्री मी सुरतेत पोचलेच नव्हते.

मी नोटीस घेऊन रडवेली होऊन सरांकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. "ऑफिसनी गणतरी खोटी छे," ते म्हणाले. गणतरी म्हणजे मोजणी. मी हबकले. ऑफिसात लबाड्या चालतात हे इतक्या उघडपणे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मनातल्या मनात मी सरांना नमस्कारही केला. सर ऑफिसात गेले, मी मागे. तिथले कारकून हात जोडून म्हणाले, "साहेब, एक थी शरू करो ने!" सर म्हणाले, "तमारे त्यां छोकरुं जन्मे त्यारे एक वरसनुं होय?" म्हणजे, तुमच्याकडे पोर जन्मतं तेव्हा एक वर्षाचं असतं का? सरांनी शून्य सोडलं नाही आणि ऑफिसने एक. त्यानंतर दर महिन्याच्या शेवटी सर पट्टी घेऊन ऑफिसात बसायचे आणि बासष्ट नावांची हजेरी एकेक घर खाली सरकवायचे. एक आकडा बदलला असता तर ही हमाली वाचली असती. पण शून्याशी त्यांची निष्ठा अशी होती की तिथे बायकोचंही चाललं नसतं.

मी शेवटची का होते, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी पारोळ्याकडच्या एका खेड्यातली. बारावीला आमच्या परीक्षा केंद्रावर पथक आलं आणि आमच्या हॉलमध्ये कॉपीचे कागद सापडले. कोणी कॉपी केली, कोणी नाही, हे बघत बसायला कोणाला वेळ होता? आख्ख्या हॉलचा निकाल राखून ठेवला. मी कॉपी केली नव्हती. माझे वडील हे सांगायला तीन वेळा मोठ्या ऑफिसात जाऊन आले, दर वेळी नुसते बसून परत आले. अडीच महिन्यांनी निकाल लागला, चांगला लागला, पण तोवर जवळपासचे सगळे प्रवेश संपले होते आणि गावात आमच्या वर्गाचं नाव 'कॉपीवाली बॅच' असं पडलं होतं. दुकानात साखर घ्यायला गेलं तरी कोणी ना कोणी हसून विचारायचं, काय गं, कागद आणलास का सोबत? सुरतेला मामा होते, लूमवर कामाला. त्यांनी खटपट करून इथे शेवटची एक जागा मिळवली. मी आले ती दात-ओठ खाऊन आले. इथे मला कोणी ओळखत नाही आणि इथे मला कोणी खोटं म्हणणार नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

राग माझ्या नाकावर असायचा, हे मी कबूल करते. मामी घरी साड्यांना खडे चिकटवायची. माझ्याशी बोलतानाही ती एकेक शब्द खडा लावावा तसा जपून लावायची.

पहिली चाचणी कागदावर झाली. प्रश्न सोपा होता. आठवडाभराच्या तापमानांतून सगळ्यात जास्त तापमान शोधायचं. मी छान पायऱ्या लिहिल्या. सुरुवातीला 'सर्वात जास्त' म्हणून शून्य धरायचं, मग एकेक दिवस बघायचा, जास्त दिसला की शून्याच्या जागी तो ठेवायचा. मला फार अभिमान वाटला. पेपर परत मिळाले तेव्हा माझ्या उत्तरावर आडवी लाल रेघ होती आणि खाली मोठ्या गुजराती अक्षरांत एकच शब्द. गुजराती लिपी मी नुकतीच, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले होते. मी अक्षरं लावली. खो. टुं.

खोटं!

मला पुढचं काही दिसेना. शेजारी बारडोलीवाली बसली होती, तिच्याही उत्तरावर तोच शब्द होता. आमची दोघींची उत्तरं जवळपास सारखी होती, हे मी तेव्हा पाहिलं आणि सगळं स्पष्ट झालं. सरांना वाटलं होतं की मी तिचं बघून लिहिलं. ती वहीत घडी घालून पेपर ठेवून देत होती, जणू काही झालंच नाही. तास संपेपर्यंत मी फळ्याकडे बघितलं नाही.

घरी आल्याबरोबर मी बॅग काढली. मामी खड्यांची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "काय व्हयनं व माय? तुले कोनी काय बोलनं का?"

"कोणी काही बोललं नाही. मी गावाला जाते."

"असं कसं जाशी? मामाले येऊ दे."

मामा आले, मशीनच्या आवाजात दिवसभर राहिल्यामुळे नेहमीच्या मोठ्या आवाजात काय झालं काय झालं म्हणून विचारू लागले. मी काही सांगितलं नाही. सांगायचं काय? की परत तेच झालं? मामांनी ज्यांच्या हातापाया पडून ही जागा मिळवली त्यांना ते काय तोंड दाखवणार होते? मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला. हिंदीत लिहिला, म्हणजे सर्वांना कळावं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सर ने मेरे पेपर पर खोटा लिखा है.'

अर्जावर वर्गाचे प्रमुख म्हणून सरांची सही लागणार होती. सकाळी मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि अर्ज पुढे केला. सरांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"लख्युं छे," ते म्हणाले. लिहिलंय खरं. "पछी?" म्हणजे, मग?

"पछी काय, सर? तुम्ही मला खोटं म्हणालात!" संतापले की मला मराठीच सुचतं.

"खोटुं छे, एटले खोटुं लख्युं." खोटुं आहे, म्हणून खोटुं लिहिलं.

"खोटं नाहीये ते! मी स्वतः लिहिलंय. माझं मी. देवाशपथ."

सरांनी थोडा विचार केला. मराठी त्यांना साधारण कळायची. "जाते लखेलुं पण खोटुं होय ने?" म्हणजे, स्वतः लिहिलेलंही खोटं असू शकतं की.

हे ऐकून मला रडूच फुटलं. स्वतः लिहिलेलं खोटं कसं असेल? सर उभे राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं नव्हतं, आता ते गोंधळले होते. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खोटुं लाग्युं तने?"

"मला नाही खोटं वाटलं, तुम्हाला वाटलं! मी बारावीतही कॉपी केली नव्हती आणि इथेही नाही केली!"

त्यांनी 'वाईट वाटलं का' असं विचारलं होतं, हे मला कळलं नाही. मी कॉपीचं काय म्हणतेय, हे त्यांना कळलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. मग सरांनी 'कॉपी' हा शब्द पकडला. तो दोन्हीकडे एकच आहे. त्यांनी मला बसवलं आणि एक कोरा कागद घेतला. दोन अधिक दोन बरोबर पाच, असं लिहिलं आणि विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात?

"चूक."

"चूक?" सरांच्या भुवया वर गेल्या. "चूंक तो पेटमां आवे!" गुजरातीत चूंक म्हणजे पोटातली कळ. मग त्यांनी त्याच बेरजेखाली गुजरातीत 'खोटुं' लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. माझा जीव हळूहळू जागेवर येऊ लागला. बेरीज काही कोणाची कॉपी करत नाही. ऑफिसची गणतरी खोटी, हेही मला आठवलं, आणि त्या गरीब कारकूनभाईंना मी महिनाभर लबाड समजत होते याची लाज वाटली.

सर आरामखुर्चीत पडल्यासारखे मागे टेकले. एका नावाचे दोन अर्थ, आणि आपण ते न तपासता वापरलं, याचा त्यांना मोठा धक्का बसला होता. माझ्या रडण्यापेक्षाही मोठा, असं मला तेव्हा वाटलं. "आ मारो लोचो छे," ते दोनदा म्हणाले. हा माझाच लोचो. मग त्यांनी माझा अर्ज परत केला. सही नाही केली. म्हणाले, कारणाचे दोन अर्थ निघतात, मशीन असा अर्ज घेणार नाही, दुरुस्त करून आण. मी तो कधीच दुरुस्त केला नाही.

पण तेवढ्यावर सुटका नव्हती. त्यांनी माझा पेपर मागून घेतला आणि बोट ठेवलं. "हवे, लद्दाखमां शुं करशे?" लडाखला आठवडाभर तापमान शून्याच्या खालीच राहिलं, तर तुझा प्रोग्राम काय सांगेल? शून्य सांगेल, जे तिथे कोणत्याच दिवशी नव्हतं. मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्रे तापून रडतात, पारा पंचेचाळिसाला टेकतो. शून्याच्या खाली तापमान जातं हे पुस्तकात वाचलं होतं, पण खानदेशातल्या माणसाच्या मनात ते यावं कसं? सर म्हणाले, म्हणजे चूक. मी म्हटलं, हो सर, चूक. बारडोलीवालीच्या मनातही लडाख आलं नव्हतं, एवढाच आमच्या दोघींचा कट होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी आख्ख्या वर्गाचे पेपर परत मागवले आणि जिथे जिथे 'खोटुं' होतं तिथे तिथे ते खोडून गुजराती अक्षरांत 'चूक' लिहिलं. वर्गातल्या सुरती पोरांची करमणूक झाली. सरांनी वही तपासून लाल पेन टेकवलं की ती पोटावर हात धरून कळ आल्यासारखी कण्हायची. सर अर्धी शिवी द्यायचे आणि पुढे जायचे. माझ्याकडून मात्र ते रोज एक शब्द घेऊ लागले. "आ तमारामां शुं के'वाय?" असं म्हणून खुर्ची, खिडकी, छत्री, काहीही दाखवायचे आणि मी सांगितलेला शब्द हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. पहिल्या शब्दाला अर्थातच शून्य नंबर होता. घरी मी हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा मामा एवढ्या मोठ्याने हसले की शेजारचे बघायला आले. मामी म्हणाली, "त्या मास्तरले म्हना, जराखं मराठी शिकी ल्या." मी म्हटलं, ते शिकताहेत गं.

त्यांच्याविषयी अजून एक सांगायचं राहिलं. ते कोणासाठी शब्द टाकायचे नाहीत. नोकरीसाठी, पुढच्या प्रवेशासाठी मुलं त्यांच्याकडे शिफारसपत्र मागायला यायची. सर लिहून द्यायचे, 'हा विद्यार्थी माझ्या वर्गात होता. बाकी त्याला विचारा.' खाली सही. मुलं चिडायची. सर म्हणायचे, मला जेवढं माहीत आहे तेवढंच मी लिहिणार, मशीनही तेवढंच सांगतं.

सत्राच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. लॅबमध्ये मशीन गोलाकार मांडलेली, त्यामुळे यादीतली शेवटची मी आणि पहिली बारडोलीवाली शेजारी शेजारी आलो. आदल्या दिवशी ग्रंथालयात आम्ही दोघींनी मिळून सराव केला होता, आणि मिळूनच चुकलो होतो. परीक्षकांनी एका यादीतल्या आकड्यांची बेरीज करायला सांगितली. दोघींच्याही प्रोग्रामने शेवटचा आकडा सोडून दिला. परीक्षकांनी माझा पडदा पाहिला, तिचा पाहिला, परत माझा पाहिला.

"बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं," ते हिंदीत म्हणाले. "चूक सारखी येत नाही. कोणी कोणाचं बघितलं?"

बारडोलीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या हातात एक कोरा अहवालाचा कागद होता. त्यावर आमचे नंबर लिहिले गेले असते तर वर्ष तर गेलंच असतं, पण वर्षाचं मला तेवढं वाटलं नाही. वडील चौथ्यांदा एखाद्या ऑफिसात जाऊन बसतील, हे मला दिसलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. नाकावरचा सगळा राग नेमका त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे.

सर अनवाणी, दोन मशीन सोडून उभे होते. ते आले, वाकून दोन्ही पडदे नीट वाचले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "ए भूल मारी छे. में ज शीखवाडेली." ही चूक माझी आहे, मीच तशी शिकवली. मी शून्यापासून मोजायला लावतो, त्यात फळ्यावर शेवटचा आकडा माझ्याकडूनच सुटला होता, या दोघींनी तसाच उतरवून घेतला.

परीक्षक जरा हसले. शून्यापासून मोजायला लावलं की पोरांचा असाच गोंधळ होतो, असं काहीतरी म्हणाले. एरवी कोणी शून्याला असं बोललं असतं तर सरांनी त्याला जन्मापासून वय मोजायला लावलं असतं. ते गप्प उभे राहिले. मग आमच्याकडे बघून, परीक्षकांना कळो न कळो, मराठीत म्हणाले, "प्रोग्राम चूक हाय. पोरी खोटी नाय." अहवालाचा कागद परत फायलीत गेला.

त्या प्रश्नाचे निम्मे मार्क सरांनी आम्हा दोघींचेही कापले.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी झाडाखाली बसून माझी वही उघडली आणि पहिल्या पानापासून बघत गेले. सरांनी फळ्यावर लिहिलेलं मी अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचे. शेवटचा आकडा कुठेही सुटलेला नव्हता. उलट एका पानावर सरांचं वाक्य होतं, 'शून्यापासून मोजलं तरी शेवटच्याला विसरू नये,' आणि त्याखाली त्यांनी सांगितलं म्हणून मी दोन रेघा ओढल्या होत्या. त्यांनी आम्हाला ते बरोबरच शिकवलं होतं. चुकलो आम्ही, आमच्या आमच्या अकलेने.

सर स्टँडवरून स्कूटर काढत होते. मी वही घेऊन धावत गेले आणि ते पान त्यांच्यासमोर धरलं. "सर, तुम्ही असं कधीच शिकवलं नव्हतं. हे बघा." माझा आवाज का चढला होता मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्या माणसाने माझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि तो शब्द मराठी अर्थाने खोटा होता.

सरांनी पान वाचलं. दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"तो चोपडी खोटी हशे," ते म्हणाले, म्हणजे मग वही चुकीची असेल, आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.